पाठकोऱ्या पानांवरची परीक्षणं

नांदेडहून व्हीसीआर यायचा पॅसेंजरनं,
गार्डाच्या डब्यात, गोधडीत गुंडाळून.
वसुबारस ते भाऊबीज भाडं एकशेवीस,
वर्गणी घरटी सहा रुपये.
पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत, इन्स्टिट्यूटच्या व्हरांड्यात
कॅरमबोर्डावर टीव्ही,
खाली सतरंजी, वर थंडी,
आणि सिनेमे सगळे जुने, काळे-पांढरे,
कारण नव्या कॅसेटला भाडं दुप्पट.

परीक्षणं मी लिहायचे,
बाद झालेल्या गाडी-रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर,
सातवीतल्या अक्षरात:
सिनेमाचं नाव, तारीख, लाईट किती वेळा गेली,
मग ज्याचं त्याचं मत.

एक होता त्यात, नाव राहू द्या.
आडरानातल्या ठेसनावर एक बाई
रोज संध्याकाळच्या गाडीला येऊन उभी राहते.
आठ वर्षं.
गाडी येते. तो येत नाही.

फायरमन व्यंकटय्या म्हणाले, लिही:
एवढा काळा धूर? दुःखाचा नाही हा,
कोळसा मारणारा नवशिका आहे.
दस्तगीर गार्ड: सिग्नल पडलाच नाही
तर गाडी आत आली कशी?
डायरेक्टरला चार्जशीट द्या.
दवाखान्यातल्या पंडागळे सिस्टर:
बाई पहिल्यापासून खोकू लालीय,
थुंकी तपासायला कुणी नेईना;
गाणी म्हणायला मात्र सगळे हजर.
माय म्हणाली, आठ वर्षं फलाटावर,
मग जेवू लाली कुठं?

भाऊंचा रकाना कोरा.
कॅबिनमध्ये रात्रपाळी दहाची.
पावणेदहाला उठायचे, चपला हातात घेऊन
टीव्हीपुढून वाकून जायचे,
कुणाचा हिरो झाकू नये म्हणून.
एकाही सिनेमाचा शेवट त्यांनी पाहिला नाही.
सकाळी, डोळे तांबडे, चहात करंजी बुडवत
विचारायचे: मग? आला का तो?

तो आला नव्हता.
बाई बाकावर, कंदील विझलेला, गाडी निघून गेलेली.
रात्री मी अर्धी उशी भिजवली होती.
पण भाऊंच्या बोटांना लिव्हरचं वंगण होतं,
करंजीवर त्याचा काळा ठसा,
आणि मी म्हणाले: आला.
कोणत्या डब्यातून?
शेवटून तिसऱ्या.
सामान?
एक ट्रंक. आणि छत्री.
भाऊ हसले. झोपायला गेले.

आता मीटरगेज उखडली,
कॅबिन पाडली, लिव्हर भंगारात गेले,
व्यंकटय्या गुंतकलला, पोराकडे असताना वारले.
इन्स्टिट्यूटला कुलूप आहे,
किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.

यंदा लक्ष्मीपूजन उरकल्यावर माझ्या लेकीनं
नेमका तोच सिनेमा शोधून लावला.
मला उशिरा आठवलं. तोवर भाऊ
खुर्ची ओढून बसले होते,
कानात मशीन, मांडीवर चिवड्याची वाटी.
पावणेदहा वाजले.
मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.
उठले नाहीत.

गाडी आली. गेली.
शेवटून तिसऱ्या डब्यातून कुणी उतरलं नाही.
'समाप्त' ही अक्षरं थोडा वेळ थरथरली.

मी म्हणाले, भाऊ, तेव्हा मी...
ते म्हणाले, ठाऊक आहे.
दस्तगीरनं त्याच रात्री सांगितलं होतं,
सव्वाबाराची मालगाडी घेऊन निघताना, फोनवर.
रडू लालता तो.
मग सामान कामून विचारलंत?

भाऊंनी वाटीतला एक शेंगदाणा बराच वेळ शोधला.
तू गाडी आणू लालतीस, म्हणाले,
लाईन क्लिअर द्यावी लागते.

आतून माय, भांडी आवरता आवरता:
जेवू लाली कुठं, ते दाखवलं का यंदा तरी?